देवाचं डावं पाऊल

माझा धाकटा दीर महादेव याच्या हातून पाण्याचा पेला घ्यायचा म्हटलं की माझ्या अंगावर शहारे यायचे. दहाही बोटं नखांपासून पेरापर्यंत पिवळट तपकिरी. साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, रॉकेलसुद्धा झालं. रंग काही जाईना. नखांच्या कडेला तर तो रंग कायमचा मुक्कामाला आलेला. आणि याच हातांनी तो ताटात भात कालवायचा, चवीने बोटं चाटायचा आणि वर मला विचारायचा, "वयनी, आज कालवणात कोकम जास्त पडलंय का?"

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णव सालची. पनवेलला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवायची, मागच्या खोलीत संसार, आणि मोरीत महादेव. तळोज्याच्या एका कारखान्यात तो झाळकाम करायचा. कारखाना बंद पडला तसा हा सोल्डरिंगची बंदूक, तारांची भेंडोळी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आला. "काही दिवस राहील," असं माझा नवरा म्हणाला होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

घरी बसल्या बसल्या महादेव सर्किटं बनवू लागला. घंटी, पाण्याची टाकी भरली की कोकलणारा भोंगा, गणपतीपुढे पळणारे दिवे, असल्या वस्तूंच्या पोटात तांब्याच्या रेघांची जी पाटी असते ती तयार विकत आणायची सोडून हा घरी करायचा. त्याची तऱ्हा अशी. आधी तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी माझ्या भांडी घासायच्या पावडरीने घासायची. मग सर्किटाचं चित्र गुळगुळीत कागदावर झेरॉक्स करून आणायचं. त्यासाठी माझ्या सिनेमाच्या मासिकांची पानं जायची. स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला त्याला पाहिलं की शटर ओढायला उठायचा, कारण तो कागद मशीनमध्ये अडकायचा. पण महादेव पायरीवर ठाण मांडून बसे, आणि शेवटी तो माणूस कंटाळून काढून देई. झेरॉक्सची शाई म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी, गरम केली की वितळते आणि तांब्याला चिकटते, हे ज्ञान त्याने मला इतक्यांदा दिलं की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. मग तो कागद पाटीवर पालथा घालून वरून इस्त्री दाबायची. पाण्यात भिजवून अंगठ्याने कागद चोळून काढायचा. तांब्यावर काळ्या रेघा राहायच्या. कुठे रेघ तुटली तर तिथे माझं नेलपॉलिश. आणि मग ती पाटी थाळीत, त्या मेल्या फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात सोडायची. ते पाणी उघडं तांबं खातं, काळ्या शाईखालचं सोडतं. शेवटी शाई पुसली की खाली तांब्याच्या रेघा लखलखतात.

यात इस्त्री माझी होती. माझ्या पोटापाण्याची इस्त्री. एकदा डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र ब्लाउजवर मी ती फिरवली आणि छातीवर काळा पट्टा उमटला. वितळलेली शाई इस्त्रीच्या बुडाला चिकटून बसली होती. मी तशीच मोरीत गेले, तर हा उकिडवा बसून थाळी हलवतोय. मी ब्लाउज त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो पट्टा नखाने खरवडून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा, कापडावर बी कशी पक्की बसली! मी बोललो नव्हतो?"

मोरीची फरशी एकेकाळी पांढरी होती हे आता मलाच खरं वाटत नाही. त्या पाण्याचे डाग फरशीवर, भिंतीवर, नळाच्या तोटीवर. आलेला पाहुणा हात धुवायला जाई आणि तोंड वेंगाडून परत येई. आमच्या घरात लोक मोरीत पान थुंकतात असं निम्म्या पनवेलला वाटत होतं, आणि माझ्या नवऱ्याने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. माझ्या आईने दिलेल्या स्टीलच्या पातेल्यात त्याने एकदा ते पाणी कोमट करायला ठेवलं. पातेल्याला बारीक बारीक भोकं पडली. मी रडले. त्याने पातेलं उजेडाकडे धरून भोकं न्याहाळली.

त्याचं लग्न याच हातांनी मोडलं. करंज्याकडची मुलगी होती, घर चांगलं, मुलगीही नाकीडोळी नीटस. मुलीच्या मामाने चहाची बशी खाली ठेवून हळूच विचारलं, "पाव्हणं, हाताला काय झालंय?" कुणीही शहाण्या माणसाने रंग लागलाय म्हणून वेळ मारून नेली असती. महादेवने दोन्ही हात पुढे केले आणि तांबं कसं विरघळतं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. सांगून संपलं तेव्हा मामाने एवढंच विचारलं, "पसरत नाय ना?" मुलगी तोवर आत निघून गेली होती. परतीच्या वाटेवर माझा नवरा बोलेना, मी बोलेना, आणि हा एस.टी.च्या खिडकीशी बसून शीळ घालत होता.

माणसांशी त्याचं काही घेणंदेणंच नव्हतं, आणि मला त्याचा वीट आला होता तो यामुळे. घरात कुणी तापाने फणफणलेलं असो, शेजारी मयत होवो, याची मान वर व्हायची नाही. पण पाटी घासून झाली की तिला बोट लागू नये म्हणून तो ती कडेने अशी अलगद धरायचा, की बाळंतिणीलाही तेवढं जपत नसतील. प्रत्येक पाटी झाली की म्हणायचा, "वयनी, ही बघा. अशी पनवेलमधी दुसरं कोणी करून दाखवंल?" मी म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला मोरी नसेल."

एके दिवशी भावेश डेकोरेटर आला. मांडव, खुर्च्या, लायटिंग असं सगळं तो पुरवायचा. अंगाला अत्तराचा भपकारा, गालात मावा, आणि बोलताना आमच्या उंबऱ्याच्या कडेला पिंक टाकायची. त्याच्यासाठी मला फिनेलची बाटली वेगळी ठेवावी लागायची.

"महादेव, एक आयटम पायजे देखाव्याला," तो म्हणाला. "तांब्याचं पाऊल. देवाचं, उजवं. भक्ताने हात ठेवला की दिवा लागला पायजे. वायर दिसता कामा नाय."

महादेवने ते पाऊल मन लावून काढलं. लांबून पाहिलं तर अखंड तांब्याचं पाऊल, जवळून पाहिलं तर केसासारख्या बारीक पट्ट्या. एकीआड एक दोन फण्यांचे दात एकमेकांत घुसवलेले, पण कुठे टेकू दिलेले नाहीत. वर हात पडला की हाताच्या ओलीतून किंचित वीज इकडून तिकडे जाते आणि मागचे ट्रान्झिस्टर तिला वाढवून दिवा पेटवतात. एवढं सगळं केलं आणि गडबडीत एकच गोष्ट विसरला. कागद पाटीवर पालथा पडतो, म्हणून चित्र आधी उलटं करून झेरॉक्स काढावी लागते. ते राहिलं. फेरिक क्लोराइडमधून पाऊल बाहेर आलं तेव्हा अंगठा भलत्याच बाजूला. उजवं पाऊल डावं झालं होतं.

त्या दिवशी महादेव जेवला नाही. भावेश मात्र हसला. "चालंल रे. देवाला दोन पाय असतात."

दिवा लागतो का ते पाहायला माझ्या नवऱ्याने हात ठेवला. काही नाही. भावेशने ठेवला. काही नाही. मी भांडी घासत होते. वाटेत ठेवलेली ती पाटी ओल्या हाताने बाजूला सारली, तर तांबडा दिवा भप्पकन पेटला आणि माझ्या हातून कढई पडली.

"हात सुके हायत म्हणून," महादेव ओशाळून म्हणाला. "अजून एक ट्रान्झिस्टर टाकतो. सुक्या हाताला बी पेटंल."

भावेश मावा चघळायचा थांबला. "सुक्या हाताला बिलकुल नाय पेटत?"

"बिलकुल नाय."

"मग काय टाकू नको. हाय तसंच पायजे मला." आणि पाऊल वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघून गेला. त्याला घाई असेल असं मला वाटलं. महादेवला मात्र ती चूक खुपत राहिली. त्याने दुसरं पाऊल केलं, बिनचूक, उजवं. ते कुणालाच नको होतं. देवघरात ठेवावं तर देव नव्हे, फेकावं तर पाऊल. माझ्या शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला ते लटकत राहिलं.

आता सोमीबद्दल सांगते. सोमी ही कातकरीण. पावसाळ्यात टाकळा, कुर्डूची भाजी, गाढी नदीतल्या चिंबोऱ्या घेऊन आमच्या गल्लीत यायची. दिवाळी झाली की नवरा शुक्रा आणि ती पळस्प्याच्या पुढे बाळूशेठच्या वीटभट्टीवर. आमच्या गल्लीत तिला कुणी पाणी दिलं तर वरून ओतायचे, ती ओंजळ धरायची. मी तांब्या हातात द्यायला जायची, तर म्हणायची, "खाली ठेवा वयनी, मंग उचलते." सांगून सांगून मी थकले. उंबऱ्याच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही.

त्या वर्षी बाळूशेठच्या बायकोची, मालूबाईची, नथ हरवली. घरच्या लग्नात हळदीच्या दिवशी शंभर माणसं येऊन जाऊन होती. पण अंगण सारवायला सोमी आली होती, म्हणजे झालंच. शुक्राने शपथा घेतल्या, सोमीने घेतल्या. बाळूशेठ म्हणाला, "बुवांच्या दरबारात काय तो निकाल होऊ दे."

हा बुवा भट्टीच्या जवळच पत्र्याच्या शेडमध्ये नवा उगवला होता. दर गुरुवारी दरबार. मालूबाई माझं गिऱ्हाईक, तिचे ब्लाउज पोचवायला गेले तर ती मला ओढतच तिकडे घेऊन गेली. आत उदबत्तीचा धूर, घामाचा वास आणि मधोमध तो. गुबगुबीत, मानेवर पावडरचे थर, करंगळीचं नख वाढवलेलं. पुढ्यात चांदीच्या ताम्हनात पाणी, आणि त्या पाण्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा. सगळ्यांदेखत बुडवलेला. हे तीर्थ. मी पदर नाकाला लावला. बायका मात्र भक्तिभावाने त्या अंगठ्याकडे बघत होत्या.

बाजूला फुलांनी झाकलेला एक जाड पाट होता. फुलं बाजूला केली. पाटावर तांब्याचं पाऊल आणि मागे लाल काचेचा डोळा. कर्नाळ्याच्या झऱ्यात हे सापडलं, स्वयंभू आहे, चोराचा हात लागला की देवाचा डोळा उघडतो, असं कुणीतरी मोठ्याने सांगितलं. मी टाचा उंचावून पाहिलं. अंगठा भलत्या बाजूला. टाचेपाशी माझ्या गुलाबी नेलपॉलिशने सांधलेली रेघ मी शोधायला लागले, पण पुढे बायकांची भिंत.

भट्टीवरच्या एकेका माणसाला पुढे बोलावलं. प्रत्येकाने आधी दोन्ही तळहातांना अंगारा चोळायचा, मग हात पावलावर ठेवायचा. मुकादम झाला, गाडीवान झाला, बाळूशेठच्या घरचे नोकर झाले. डोळा मिटलेलाच. शेवटी सोमी आली. ती अंगाऱ्याकडे हात करणार तोच बुवा म्हणाला, "हिला अंगारा नको. रानातली लेक हाय. हिला तीर्थ द्या."

लोकांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन महाराजांचं! आणि सोमीचं तोंड मी पाहिलं. जिला जन्मभर वरून पाणी ओतलं, तिच्या उजव्या तळहातावर बुवाने स्वतः पळीने तीर्थ घातलं, हाताला हात लागू देऊन. ती हसली. चोरीचा आळ घेऊन आलेली बाई तिथे, त्या गर्दीत, आनंदाने हसली. तीर्थ प्यायली, राहिलेलं डोक्याला पुसलं आणि तो ओला हात तिने देवाच्या पावलावर ठेवला.

डोळा लाल झाला.

मी ओरडले, "अहो, हे पाऊल आमच्या मोरीत..." पण कुणाच्या कानात शिरायला जागा होती? मालूबाईने सोमीच्या केसांना हात घातला. शुक्रा बाळूशेठच्या पायावर पडला. बाळूशेठ म्हणाला, पुढच्या गुरुवारी नथ आणून याच पावलावर ठेवायची, नाहीतर खोपटं पेटवून देईन आणि पोलिसात घालीन. सोमी मात्र त्या लाल डोळ्याकडे बघत होती.

मी तडक घरी आले. महादेव मोरीत होता. सगळं सांगितलं. तो थाळी हलवायची थांबवून ऐकत राहिला आणि म्हणाला, "लगेच पेटला? लुकलुकला तर नाय?"

त्या माणसाचा, त्या हातांचा, त्या मोरीचा मला असा तिटकारा आला की मी ओरडलेच. "भावोजी, एका गरीब बाईचं वाटोळं झालं तिथे!"

"पण तिचाच हात ओला कसा? बाकी लोकांचे बी घामाचे असतील."

"बाकीच्यांना अंगारा दिला चोळायला. तिला तीर्थ."

त्याने मान हलवली. डोळ्यांत चक्क कौतुक. "राख! राखेनं तर घाम बी सुकतो. डोकं हाय बुवाला."

"तुम्ही येऊन सांगा तिथे."

"मी बोर्ड दिला. पुढं लोक त्याचं काय करतील ते माझ्या हातात हाय का? भावेश पुन्हा काम देनार नाय." आणि पुन्हा थाळी हलवायला लागला. मी हातातलं फडकं त्याच्या अंगावर भिरकावलं. जाता जाता, केवळ जळफळाट म्हणून, म्हणाले, "बसा हलवत. तिकडे सगळे म्हणतात, पाऊल कर्नाळ्याच्या झऱ्यात सापडलं. स्वयंभू आहे."

थाळी थांबली. "झऱ्यात? पाण्यात तांबं हिरवं पडतं. ते चकचकीत हाय कारण पावडरीनं मी घासलंय."

"सांगा ना मग त्यांना."

"स्वयंभू म्हंजे कोणी केलंच नाय असं ना?"

"असंच."

त्या दिवशी थाळीतली पाटी तो काढायला विसरला, आणि त्या पाण्याने रेघांसकट सगळं तांबं खाल्लं. असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी जेवताना तो एवढंच म्हणाला, "गुरुवारी मी येतो." सोमीसाठी नव्हे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्याचे गोडवे गायले. त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं, मग ते देवाचं का असेना, हे त्याला सहन झालं नाही.

मधल्या एका दुपारी मी भट्टीवर गेले. सोमी खोपटापुढे बसून डाव्या हाताने भाकरी खात होती. उजवा हात लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला. भाजला असेल असं वाटून मी विचारलं, तर तिने तो आणखी आत ओढला. मी म्हटलं, "सोमी, घाबरू नकोस. तो दिवा खोटा आहे."

"देव कशाला खोटा बोलंल, वयनी?" ती म्हणाली. "मीच घेतली आसंल. झोपेत नायतर कशात. मनाच आठवत नाय." शुक्रा आणि ती सकाळपासून चिखलाचा खड्डा उकरत होते. नथ तिने तिथे पुरली असेल तर, म्हणून.

मला तिला हलवून जागं करावंसं वाटलं. पण मी पावलाची गोष्ट सांगायला लागले की ती दोन्ही कानांवर डावा हातच आळीपाळीने ठेवायची. देवाबद्दल वाईट ऐकणं तिला नको होतं.

गुरुवारी महादेवने इस्त्रीचा शर्ट घातला. बाह्यांतून ते तपकिरी हात बाहेर. खिळ्यावरचं उजवं पाऊल काढून मी ब्लाउजांच्या पिशवीत टाकलं. दरबार भरलेला. सोमी आणि शुक्रा पुढ्यात खाली बसलेले, बाळूशेठ खुर्चीवर, भावेश दाराशी. ताम्हनात अंगठा होताच.

महादेव सरळ पाटापाशी गेला आणि म्हणाला, "हे पाऊल मी केलंय."

लोक हसले. बुवाने डोळे मिटून हात वर केला. "सगळं करनारा तोच हाय, बाळा."

"तो कोन? मी केलंय," महादेवचा आवाज चढला. "स्टँडसमोर झेरॉक्स काढली. चित्र उलटं करायचं इसरलो म्हनून डावं झालं, नायतर उजवंच करायचं व्हतं. टाचेपाशी बघा, वयनीचं नेलपॉलिश लावून रेघ जोडलीय, ती जरा जाड आलीय."

मी पिशवीतून उजवं पाऊल काढलं आणि डाव्याच्या शेजारी ठेवलं. पाटावर जोडी जमली. तेच तांबं, त्याच रेघा, तोच अंगठा, आता दोन्हीकडे. मग मी ते ताम्हन उचललं. अंगठ्याखालून ओढून घेतलं म्हणा ना. त्यातलं पाणी मालूबाईच्या तळहातावर ओतलं आणि तिचा हात धरून डाव्या पावलावर दाबला. डोळा लाल. मालूबाईने किंकाळी फोडली. मी बाळूशेठचा हात ओढला, ओतलं, दाबला. लाल. मुकादमाचा. लाल. तेवढ्यात महादेवने बुवाचाच हात पकडला. तो आधीच घामाने चिंब होता, पाण्याची गरजही पडली नाही.

एखाद्याला वाटेल, आता लोक त्या बुवाला धरून बदडतील, बाळूशेठची मान खाली जाईल, मालूबाई सोमीची माफी मागेल. छे! बुवा लघवीला म्हणून मागच्या दाराने गेला तो गेलाच, भावेश त्याच्याही आधी. मालूबाई पदराने हात पुसत म्हणाली, "पण माझी नथ गेली ती गेलीच ना?" बाळूशेठ शुक्राकडे न बघता म्हणाला, "चला, उद्यापासून कामाला लागा," आणि उठला. मग बायकापोरं पुढे सरसावली. हात ओले करकरून पावलावर ठेवायला लागली, डोळा पेटला की खिदळायला लागली. ज्या पावलाने तासाभरापूर्वी एक खोपटं पेटणार होतं, त्याची जत्रा झाली. एक म्हातारी तर जाता जाता दोन्ही पावलांना डोकं टेकवून गेली. आणि या सगळ्याच्या मधोमध महादेव, घाम पुसत ट्रान्झिस्टर समजावून सांगतोय. एकाने घराला घंटी बसवून मागितली, त्याचा पत्ताही त्याने विचारून ठेवला. मला त्या माणसांची, त्या हसण्याची, सगळ्याचीच शिसारी आली. मी बाहेर पडले.

सोमी शेडच्या मागे पाण्याच्या पिंपाशी उभी होती. शुक्रा तिला चल म्हणत होता आणि ती हलत नव्हती. उजवा हात अजून पदरात.

"झालं ना आता?" मी म्हणाले. "तू नाही घेतलीस. कळलं ना?"

तिने मान हलवली. तेवढ्यात महादेव दोन्ही पावलं काखेला मारून आला, अजून तोऱ्यातच होता. सोमीने त्यालाच विचारलं, "दादा, मंग त्यानी माझ्या हातावर घातलं, ते तीर्थ नव्हतं?"

"तीर्थ कसलं? पानी. बुवाच्या अंगठ्याचं. हात ओला झाल्याबिगर पेटत नाय ना ते."

"मना तेवढ्यासाठीच दिलं?"

"तर काय. सुक्या हाताला..." आणि महादेव तिच्याकडे बघून मधेच थांबला. बोलता बोलता त्याला थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सोमीने पदर सोडून हात बाहेर काढला. भाजलेला नव्हता, काही नव्हता. तळव्यावर चिखल सुकून भेगाळला होता आणि रेघांत बुक्का की गुलाल, काहीतरी तसंच धरून राहिलं होतं. तीर्थ घेतल्या दिवसापासून तिने तो हात धुतला नव्हता. चोर ठरली, केस उपटून घेतले, खड्डे उकरले, पण देवाने हातावर दिलेलं तेवढं तिने जपून ठेवलं होतं.

ती खाली वाकली. भट्टीची राख मूठभर घेतली, पिंपातलं पाणी घेतलं आणि तो हात खरकटी कढई घासावी तसा घासायला लागली. पुन्हा पुन्हा पाणी, पुन्हा राख. महादेवने आपले तपकिरी हात पाठीमागे घेतले. तिचा हात लाल झाला तरी ती थांबेना, तेव्हा मी तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्या हातून घेतला नाही.

"खाली ठेवा, वयनी," ती म्हणाली.